रुपया दंडाचा, रुपया भत्त्याचा

आमच्या घराण्याचा आणि शाळेचा पहिला संबंध आला तो दंडाच्या धाकानं. आज्जा नेमकं साल सांगत नसत, ‘मानमोडीच्या आगंमागं’ एवढंच म्हणत. म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या वेळी, १९१८ किंवा १९१९. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला होता. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. चावडीवर यादी वाचली गेली. त्या यादीत माझ्या पणजोबांचं नाव होतं, कारण घरात सात-आठ वर्षांचा थोरला मुलगा होता आणि तो दिवसभर म्हशींच्या मागं असे.

पणजोबा चावडीत उभे राहून म्हणाले, “पोरगं शाळंत बसलं तर म्हसरं कुणी राखायची? महाराजांनी एक गडी तरी द्यावा.”

पाटलांनी विचारलं, “रुपया भरतोस, का पोरगं धाडतोस?”

त्या काळात रोकड रुपया घरात वर्षातून मोजक्या वेळा दिसायचा. गुळाची पट्टी आली की दिसायचा आणि सावकाराकडं जायचा. पणजोबा घरी आले, रात्रभर कुणाशी बोलले नाहीत आणि सकाळी शेजारच्या दोन घरांत जाऊन आले. त्या घरांचीही नावं यादीत होती. तिघांनी मिळून जनावरं एकत्र केली, एका म्हाताऱ्या चुलत्याला धान्याच्या बोलीवर राखणीला लावलं आणि तीन पोरं भैरोबाच्या देवळातल्या शाळेत जाऊन बसली. या गोष्टीत आज्जांना सगळ्यात महत्त्वाची वाटायची ती ही राखणीची तजवीज. महाराजांनी कायदा केला ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो कायदा आमच्या गावात चालला तो तीन अडाणी बापांनी म्हशींची सोय लावली म्हणून, असं ते ठासून सांगत. मला आज त्यांचं म्हणणं तंतोतंत पटतं.

शेतकऱ्याच्या पोरांना सक्तीनं शिकवा, ही मागणी जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं मांडली होती. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, तेव्हा निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी स्पष्ट लिहून दिलं. बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात तसा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. ब्रिटिश मुलखात मात्र गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली आणलेलं विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळलं गेलं. म्हणजे पंचगंगेच्या काठी एखादा बाप दंडाला भिऊन पोराला शाळेत घालत होता, त्या वेळी देशातल्या बहुतेक खेड्यांत असा दंडसुद्धा वाट्याला आलेला नव्हता. तो दंड जाच होता, पण त्या जाचामागं एका राजाची तळमळ होती. थोरले आज्जा, म्हणजे आज्जांचे थोरले भाऊ, तीन इयत्ता शिकले. गुऱ्हाळाचा हंगाम लागला की चुलवाणात जाळ घालायला त्यांना घरी ठेवून घेतलं जाई. तरी गावात गुळाची पट्टी वाचता येणारा आमच्या भावकीतला तो पहिला माणूस ठरला. अडत्यानं किती तूट धरली हे घरात प्रथमच कळलं आणि त्या वर्षापासून पणजोबांनी दंडाबद्दल कुरकुर केली नाही.

ही झाली आमच्या घरची बाजू. गावाच्या दुसऱ्या अंगाची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला आमच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींनी सांगितली. ते बौद्धवाड्यातले. त्यांचे आज्जा मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला चालत गेले होते. शाहू महाराजांनी ‘तुम्ही तुमचा पुढारी शोधून काढलात’ अशा अर्थानं तरुण बाबासाहेबांचं कौतुक केलं, ती ही परिषद. त्याच्या आदल्या वर्षी, १९१९ साली, महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला होता. गुरुजी शाळेत गेले ते १९४३ साली. हुकूम चोवीस वर्षांचा झाला होता, तरी गुरुजींची जागा दाराबाहेर होती.

त्यांची आई त्यांना रोज पोहोचवायला यायची. बरोबर घरून आणलेलं पोतं असायचं. ते ती उंबऱ्याच्या अलीकडं अंथरायची, हातानं त्याच्या सुरकुत्या काढायची आणि पोराला बसवून मजुरीला जायची. संध्याकाळी परत येऊन पोतं झटकून घडी घालून घरी न्यायची, कारण शाळेत ठेवलं तर कुणी हात लावणार नाही आणि पावसात भिजेल. पाटी तपासायची वेळ आली की मास्तर लांबूनच म्हणायचे, “वर धर.” गुरुजींना मुळाक्षरं अशी वर धरलेल्या पाटीवर आली. एके दिवशी पाऊस आडवा लागला, पोतं भिजलं, पोरगं कुडकुडायला लागलं. आई शेतातून तशीच आली, पोत्यासकट पोराला उचललं आणि उंबऱ्याच्या आत, भिंतीला लागून बसवलं. मास्तर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं पोतं आतच अंथरलं. गावात कुजबुज झाली, दोन माणसं मास्तरांकडं आली. मास्तरांनी त्यांना इतकंच सांगितलं की हुकूम जुना आहे, वाचून दाखवू का? गुरुजी पुढं फायनल पास झाले, ट्रेनिंग घेऊन प्राथमिक शिक्षक झाले आणि आमच्याच तालुक्यात त्यांनी नोकरी केली. मी त्यांना विचारलं, तुमच्या आईनं हे ठरवून केलं होतं का? ते म्हणाले, “ठरवाय कुठला येळ? पोरगं भिजत हुतं.”

शाळेच्या इतिहासात हुकुमांच्या तारखा येतात, या बाईसारख्या बायका येत नाहीत. १९१९ चा हुकूम आमच्या गावात अमलात आला तो त्या पावसाच्या दिवशी.

माझ्या वडिलांना शाळेत घातलं ते १९५२ साली. संस्थान १९४९ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झालं होतं आणि शाळा स्कूल बोर्डाकडं गेली होती. म्हातारी माणसं अजूनही ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. आज्जा वडिलांना घेऊन गेले. शाळेतल्या गुरुजींनी जन्मतारीख विचारली. आज्जा म्हणाले, “रोपलावणीत झालंय बघा, वळीव लई झाला हुता त्या साली.” गुरुजींनी वडिलांना उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. बोटं कानाला टेकली, म्हणजे सहा वर्षं पुरी झाली. रजिस्टरवर तारीख पडली १ जून १९४६. रोपलावणी जुलैत असते हे गुरुजींना ठाऊक नव्हतं असं नाही, पण शाळा जूनमध्ये सुरू होते आणि एक जून लिहिलं की सहा वर्षांचा हिशेब बिनचूक बसतो. वडिलांच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचा जन्म एक जूनचाच. महाराष्ट्रातल्या किती तरी कचेऱ्यांतून आणि शाळांतून एकतीस मेला एकदम निरोप समारंभ होतात, ते अशा रजिस्टरांमुळं. कुणी त्याला ढिसाळपणा म्हणेल. मला त्यात गुरुजींची आणि निरक्षर बापाची एक समजूत दिसते. बापाला तारीख माहीत नव्हती म्हणून एकही पोरगं दारातून परत गेलं नाही.

शाळा अजून देवळातच भरत होती. जत्रा आली, भजन आलं की सुट्टी. १९५६ च्या सुमारास गावानं इमारत बांधायचं मनावर घेतलं. एका घरानं माळाची जागा दिली. घरटी बैलगाडीच्या खेपा ठरल्या. ज्याच्याकडं गाडी नाही त्यानं खणीवर दगड फोडायचे. सरकारकडून काही रक्कम आली, पण भिंती गावाच्या अंगमेहनतीतून वर आल्या. वर मंगलोरी कौलं चढली, खाली मातीची जमीन.

त्या जमिनीची गोष्ट आज्जीची आहे. दर शनिवारी शाळा सारवायची आणि ते काम मुलींकडं असे. पहिल्या शनिवारी पोरींनी सारवलेली जमीन सोमवारी पोपडे धरून उखडली. आज्जी माझ्या आत्याला शाळेत सोडायला गेली होती, तिनं ते पाहिलं. पुढच्या शनिवारी ती स्वतःच बादली घेऊन गेली. शेण ताजं हवं, त्यात पांढरी माती मुठीनं टाकायची, पाणी एकदम ओतायचं नाही. मग गुडघ्यावर बसून पंजा सरळ ठेवायचा, हात खांद्यातून फिरवायचा आणि एका अर्धवर्तुळाच्या कडेवर दुसरं चढवत मागं सरकत दारापर्यंत यायचं. पोरी तिच्या दोन्ही बाजूंना बसून करत होत्या. भिंतीवर मुंबई राज्याचा नकाशा होता, भारताचा होता, वर्गात फळा होता. आज्जी हे सगळं पहिल्यांदाच आतून बघत होती. “मी काय शाळंत गेलो न्हाई,” ती सांगायची, “पर शाळंची जमीन माझ्या हाताची हाय.” हे सांगताना तिच्या बोलण्यात जो मालकीचा सूर असायचा, तो मी नंतर सहसा कुठल्या पालकाच्या तोंडून ऐकला नाही.

१९६२ च्या एक मेला जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डाची शाळा झेडपीची झाली. गावाला फरक पडला तो पाटीवरच्या नावाचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमचं गाव पाटण खोऱ्यापासून लांब, तरी शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि कौलं सरकली. वर्ग वडाखाली भरले. मंजुरीची वाट बघत बसलो तर मिरगाचा पाऊस अंगावर येईल, म्हणून आज्जांनी आणि आणखी चार जणांनी वर्गणीची वही घातली. ती वही आमच्या घरात अजून आहे. कुणाच्या नावापुढं दोन रुपये, कुणाच्या पुढं पायलीभर भात, कुणाच्या पुढं ‘दोन दिवस गवंडीकाम’. चार नावांपुढं अंगठे आहेत. बौद्धवाड्याची वर्गणी शेवटच्या पानावर वेगळी लिहिलेली आहे. ती वही बघताना त्या वेगळ्या पानाचं मला वाईट वाटतं, आणि त्या पानावरची रक्कम गावाच्या मानानं कमी नव्हती हेही दिसतं. भिंत मेअखेर पुरी झाली.

१९७२ च्या दुष्काळाचा आमच्या पट्ट्याला मराठवाड्याइतका फटका नव्हता. तरी सुकडी आठवते असं सांगणारे बरेच आहेत आणि शाळेत काहीतरी पोटात पडतं म्हणून त्या वर्षांत पट वाढला, हेही जुनी माणसं सांगतात. भुकेला आणि शाळेला जोडणारा हा धागा सरकारनं देशभर धरला तो पुष्कळ उशिरा. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहाराची योजना आली, तेव्हा ऐंशी टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेली खिचडी सुरू झाली.

माझी स्वतःची शाळा १९८० च्या दशकातली. तेव्हाचे आईबाप शाळेत फारसे येत नसत. दाखल्याला यायचे, निकालाला यायचे, रस्त्यात गुरुजी भेटले तर “मारा, पण शिकवा” म्हणायचे. मारण्याला मी कधीच चांगलं म्हणणार नाही. त्या भीतीनं शाळा सोडलेली दोन मुलं माझ्याच वर्गात होती आणि त्यांची आयुष्यं कशी गेली ते मी पाहिलं आहे. पण त्याच शाळेत चौथीच्या स्कॉलरशिपचं वेड होतं. दिवाळी झाली की रात्रीचे वर्ग सुरू व्हायचे. मुलं जेवून वाकळ घेऊन शाळेत जायची, गॅसबत्तीच्या उजेडात गणितं सोडवायची, तिथंच झोपायची आणि पहाटे पुन्हा अभ्यासाला बसायची. गुरुजींना त्याचा एक पैसा मिळत नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत असे वर्ग चालत.

मुलींना मात्र रात्री शाळेत ठेवायला कुणी तयार नव्हतं. आमच्या वर्गात चार मुली हुशार होत्या. गुरुजी घरोघर येऊन गेले, पुरुषांनी मान डोलावली आणि नको म्हणून सांगितलं. आई चुलीपुढं बसून ऐकत होती. गुरुजी उठले तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, मी येऊन झोपतो शाळंत. मग तर झालं?” वडील बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी आईनं आणखी तीन घरी जाऊन सांगितलं. मग त्या चौघी बायका पाळीपाळीनं, दोघी-दोघी, व्हरांड्यात घोंगडं टाकून झोपायच्या. शेतातून आलेल्या, भाकरी थापून आलेल्या बायका. आत आम्ही वाचत असायचो आणि बाहेर त्या हळू आवाजात बोलत असायच्या. एकदा आईनं दारातून विचारलं, “ते ‘लसावि’ म्हंजे काय गं?” गुरुजींनी तिला आत बोलावून फळ्यावर दाखवलं. आईचं शिक्षण दुसरीपर्यंत. तिला ते समजलं, आणि पुढं कितीतरी दिवस ती कुणाकुणाला लसावि सांगायची. त्या वर्षी चारपैकी दोन मुलींना स्कॉलरशिप मिळाली. मला मिळाली नाही, पण पाचवीसाठी शेजारच्या गावी मुलींना पाठवायचं की नाही हा प्रश्न त्या वर्षापासून आमच्या गल्लीत कुणी काढला नाही.

१९९२ साली सरकारनं एक योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या मागास घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता. मुलगी पाऊणपट दिवस हजर पाहिजे ही अट. आज्जा तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. त्यांना कुणीतरी पेपरातून वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “आमच्या बाला रुपया दंड हुता. आता रुपया देत्यात.” पाऊणशे वर्षांत एवढा पल्ला गाठला गेला. दंडाच्या रुपयानं बापाच्या मनात भीती घातली, भत्त्याच्या रुपयानं आईच्या हातात मिठाचे पैसे ठेवले. पण मला वाटतं, रुपया घेतला काय किंवा दिला काय, दोन्ही वेळी सरकारनं पालक म्हणजे ढकलायची वस्तू मानली. त्याला शाळेच्या कारभारात बसवावं, असं कायद्याला सुचायला २००९ साल उजाडलं.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक, त्यात दुर्बल घटकांचं प्रतिनिधित्व, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा या समितीनं करायचा, अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवायची, आहार बघायचा, शिक्षक वेळेवर येतात का ते बघायचं. शेण-मातीची बादली घेऊन गेलेल्या आज्जीला जे अधिकार मिळायला हवे होते, ते कागदावर तिच्या नातीला मिळाले.

आणि नेमक्या याच काळात गावातले बोलते पालक शाळेतून निघून गेले. जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तरी तालुक्याच्या इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी गावात येऊ लागलीच. आधी डॉक्टरांचं, मग शिक्षकांचं, मग सोसायटीच्या सचिवाचं मूल त्या गाडीत बसलं. ज्यांना कचेरीत जाऊन बोलता येतं, अर्ज लिहिता येतो, साहेबाला प्रश्न विचारता येतो, ती घरं गेली. मागं राहिली रोजावर जाणाऱ्यांची मुलं, ऊसतोडीला आलेल्यांची मुलं. शाळेचं खरं नुकसान पट घटल्यानं जितकं झालं, त्याहून जास्त हा आवाज गेल्यानं झालं, असं माझं ठाम मत आहे. जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्या लेकराचं भलं सगळ्यांनाच हवं असतं.

माझी मुलगी मी २०१४ साली झेडपीच्या शाळेत घातली. नोकरी तालुक्याला, येणंजाणं रोजचं, तिला बरोबर तिथल्या इंग्लिश मीडियमला नेणं सोपं होतं. नातेवाइकांनी तोंडावर विचारलं, “एवढी शिकून पोरीला मराठी शाळेत?” मी पाहिलं होतं की पहिलीच्या बाई मुलांना अक्षरं वाळूत गिरवायला लावतात, गोष्टी सांगतात, आणि मुलं घरी येऊन आपण होऊन वाचतात. दुसरं कारण मला लागलं नाही.

समितीवर माझी निवड झाली. पहिला महिना सभेचं बोलावणंच आलं नाही. एका संध्याकाळी इतिवृत्ताची वही सहीसाठी घरी आली. सभा झाल्याचं त्यात लिहिलं होतं, ठराव होते, खाली माझं नाव होतं. मी वही आणणाऱ्या माणसाला चहा दिला, वही पूर्ण वाचली आणि सही न करता परत दिली. भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटले. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की सभा सकाळी अकराला ठेवली तर कुणी येत नाही, कोरम होत नाही, आणि वरून माहिती मागतात. त्यांचंही खरं होतं. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, रोज ऑनलाइन भरायचे तक्ते. कायद्यानं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरी कामं द्यायची नाहीत, पण ही सोडलेली कामंच दोन शिक्षकी शाळेचा एक शिक्षक महिनोन्‌महिने खाऊन टाकतात.

मी समितीतल्या बायकांना विचारलं. त्या म्हणाल्या, “अकरा वाजता सभा म्हंजे रोज बुडतोय, ताई.” एवढी साधी गोष्ट होती. सभा संध्याकाळी सातला घेतली. पहिल्याच सभेला व्हरांडा भरला, सदस्य नसलेल्या आयाही आल्या. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, हा विषय वहीत कधी आलाच नव्हता. तो एका भांगलणीला जाणाऱ्या बाईनं काढला. तिची मुलगी दिवसभर पाणी पीत नव्हती, हे तिनं भर सभेत सांगितलं. ठराव झाला, ग्रामपंचायतीकडं गेला आणि पावसाळ्याआधी टाकी बसली. खिचडीची चव बघून नोंद करायची वही असते, तीही आयांनी पाळीनं भरायला सुरुवात केली. डाळ पातळ असली की तसं लिहायच्या. स्वयंपाक करणारी मावशी आधी रागावली, मग तिनंच मानधन चार-चार महिने थकतं हे वहीत लिहायला सांगितलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं आणि वारणेनं गावंच्या गावं पाण्याखाली घातली, तेव्हा आमची शाळा उंचावर म्हणून नदीकाठची कुटुंबं तिथं आणली. वर्गांत माणसं, व्हरांड्यात म्हशी. इंग्लिश मीडियमला मुलं पाठवणाऱ्या घरांनीही त्या आठवड्यात भाकरी थापून शाळेत आणल्या. गावाची म्हणावी अशी जागा गावात तेवढी एकच उरली आहे, हे त्या दिवसांत सगळ्यांना दिसलं. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. एका फोनवर तीन भावंडं शिकत होती, ज्यांच्याकडं फोन नव्हता त्यांच्या अंगणात आमच्या बाई मास्क लावून येऊन बसत होत्या.

कुठं कुठं गावांनी शाळा पुन्हा अंगावर घेतली आहे. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीनं शाळेसाठी जमीन दिली, पैसा उभा केला, आणि झेडपीच्या शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा २०२३ साली १४ हजारांहून अधिक होत्या, आणि त्या एकत्र करून समूह शाळा काढाव्यात असा विचार सरकारनं त्याच वर्षी पुढं आणला. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हा आपला नियम. वाडीवरची शाळा चार-पाच किलोमीटरवर गेली तर घरच्या मुलग्याला सायकल मिळेल, बस मिळेल. मुलीला आणि धनगरवाड्यावरच्या पोराला काय मिळेल, हे सांगायला कुठला अहवाल लागत नाही. आमच्या गावात पाचवीसाठी मुलींना बाहेर पाठवायचं म्हटल्यावर काय व्हायचं ते मी पाहिलेलं आहे.

बंद पडायला निघालेल्या शाळांच्या यादीवर पालकांना विचारून कुणी सही घेत नाही, ती यादी पटाच्या आकड्यावरून तयार होते. म्हणून आकडा ठरायच्या आधीच बोलावं लागतं. तुमच्या गावात, वाडीत किंवा शहराच्या वॉर्डात महापालिकेची किंवा झेडपीची शाळा असेल, तर समितीची पुढची सभा कधी आहे ते विचारा. तुमचं मूल तिथं शिकत असेल तर सभा कामावरून आल्यानंतरच्या वेळेला घ्यायला लावा आणि इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका. मूल तिथं नसलं तरी गावचे मतदार म्हणून ग्रामसभेत शाळेचा विषय मांडायचा हक्क तुम्हाला आहे. पाण्याची टाकी, शिक्षकाची रिकामी जागा, थकलेलं मानधन, जे दिसेल ते तिथं बोला आणि ठरावात लिहून घ्या.